जॉन्सनच्या कोशातला ‘जॉब’, ‘नर्व्हस’ आणि ‘नाइस’ : जुना इंग्रजी शब्दकोश कसा वाचायचा

१७५५ साली लंडनमध्ये निघालेल्या एका शब्दकोशात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आहे. अर्थ दिलाय : मोजदाद करणारा, हिशेबनीस, आकडेमोड करणारा. म्हणजे चक्क माणूस. ‘माउस’ही आहे : सगळ्या पशूंत लहान, घरांत आणि धान्याच्या शेतांत वावरणारा, मांजरांच्या हातून मरणारा छोटा प्राणी. आणि ‘नेटवर्क’सुद्धा आहे, फक्त त्याची व्याख्या वाचून कुणाला नेटवर्क कळलं असेल असं वाटत नाही. तिचं मराठी साधारण असं होईल : ‘समान अंतरांवर जालयुक्त वा परस्परछेदित केलेली, छेदांच्या दरम्यान अवकाश असलेली कोणतीही वस्तू.’ एखाद्या कोळ्याला विचारलं असतं तर त्याने सरळ जाळं उचलून दाखवलं असतं.

हा कोश सॅम्युअल जॉन्सनचा. १५ एप्रिल १७५५ ला दोन अवाढव्य खंडांत तो बाजारात आला. जवळजवळ २,३०० पानं, ४२,७७३ शब्द, आणि त्या शब्दांच्या वापराचे दाखले म्हणून पुस्तकांतून उचललेले सुमारे १,१४,००० उतारे. किंमत साडेचार पाउंड, म्हणजे सामान्य माणसाने दुकानाबाहेरूनच बघावी अशी. प्रती छापल्या २,०००. पुढची शंभरेक वर्षं इंग्लंडमध्ये ‘डिक्शनरीत बघ’ म्हटलं की बहुतेक हीच किंवा हिच्यावरून बेतलेली एखादी बघायची असे.

या कोशातल्या विनोदी व्याख्यांच्या याद्या इंटरनेटवर कायम फिरत असतात. ‘ओट्स : इंग्लंडमध्ये जे धान्य सहसा घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडमध्ये ज्यावर माणसं जगतात.’ ‘कोशकार : शब्दकोश लिहिणारा, एक निरुपद्रवी हमाल.’ छान आहेत, पण ४२,७७३ नोंदींत असल्या खोड्या मोजक्याच आहेत. त्यांच्यामुळे झालंय असं, की जॉन्सनचा कोश म्हणजे एका तिरसट म्हाताऱ्याचं विनोदाचं पुस्तक, असा समज पसरलाय. शिवाय काम सुरू केलं तेव्हा तो म्हातारा नव्हताच, छत्तिशीत होता.

खरी गंमत साध्या नोंदींत आहे. पण त्या वाचायची एक रीत आहे. ती माहीत नसेल तर जुनं इंग्रजी वाचताना ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. अनोळखी शब्द आला तर माणूस निदान कोश उघडतो. ओळखीचा शब्द आला की आजचा अर्थ लावून पुढे जातो. हे आपल्यालाही लागू आहे, कारण ईस्ट इंडिया कंपनीचा पत्रव्यवहार, जुनी गॅझेटियर्स, इतकंच काय, आपण ज्याचा आधार घेतो तो मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), हे सगळं जुन्या इंग्रजीत आहे. मोल्सवर्थ उघडून आपण मराठी शब्दाचा अर्थ शोधतो, तेव्हा समोर येते ती एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी, आणि ती वाचतो मात्र आजची समजून.

एक नोंद, जवळून

‘नर्व्हस’ घेऊ. हा शब्द आता मराठीतच जमा आहे. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी सगळेच नर्व्हस असतात.

जॉन्सनच्या कोशात आधी मोठ्या अक्षरांत शब्द येतो आणि ज्या अक्षरावर बोलताना जोर द्यायचा तिथे आघाताची खूण असते. मग व्याकरण : हे विशेषण. मग चौकटी कंसात व्युत्पत्ती : लॅटिन ‘नर्व्होसस’. आणि मग क्रमांक घातलेले अर्थ. पहिला अर्थ : पिळदार, बळकट, जोमदार. हो, बळकट! दुसरा : मज्जातंतूंशी संबंधित. तिसऱ्या अर्थाआधी जॉन्सनने एक शेरा मारलाय : ‘वैद्यांच्या ठेवणीतल्या बोलीत’. आणि अर्थ दिलाय : ज्याचे मज्जातंतू दुबळे किंवा रोगट आहेत असा.

एकाच शब्दाला ‘बळकट’ आणि ‘दुबळा’ हे दोन्ही अर्थ एका नोंदीत कसे नांदतात, याचं उत्तर दोन ओळी वर ‘नर्व्ह’ या शब्दात सापडतं. तिथे लिहिलंय की मेंदूतून शरीरभर जाणारी संवेदनांची इंद्रियं म्हणजे नर्व्ह. पण कवी हा शब्द स्नायुबंध, कंडरा या अर्थी वापरतात. मूळ लॅटिन शब्दही कंडरेचाच. म्हणून अलेक्झांडर पोपने होमरच्या भाषांतरात एका वीराचे दंड ‘नर्व्हस’ आहेत असं कौतुकाने लिहिलंय. तो वीर घाबरून थरथरत नव्हता. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. पुढे डॉक्टरांचा अर्थ बोलण्यात शिरला आणि त्याने कवींचा अर्थ बाहेर काढला. १७५५ मध्ये दोघेही घरात होते. जॉन्सनने त्यांना क्रमाने उभं केलं आणि नव्या पाहुण्याकडे जरा संशयाने बघितलं.

असे क्रमांक घालून अर्थ वेगळे करणं तेव्हा रुळलेलं नव्हतं. इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो रॉबर्ट कॉड्रीचा, १६०४ सालचा. त्यात अडीचेक हजार फक्त अवघड शब्द होते आणि प्रत्येकापुढे दोन-चार शब्दांत अर्थ. साधे शब्द कोशात कशाला हवेत, ते तर सगळ्यांना येतातच, असा विचार. नंतरच्या कोशांत साधे शब्द आले, पण ‘सर्वांच्या ओळखीचा प्राणी’ असं लिहून कोशकार मोकळे होत. जॉन्सनने घोड्याची व्याख्या केली : ‘खिंकाळणारा चतुष्पाद, युद्धासाठी, ओढण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी उपयोगी.’ यात घोडा दिसतो, ऐकू येतो आणि कामालाही लागतो.

साधे शब्दच सगळ्यात कठीण, हे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय. शब्दाची व्याख्या त्याच्याहून सोप्या शब्दांत करायची असते. पण जो शब्द मुळातच सगळ्यात सोपा आहे, त्याच्यासाठी आणखी सोपा आणायचा कुठून? ‘नेटवर्क’ची ती भयानक व्याख्या या अडचणीतून आलेली आहे. ‘खोकला’ या शब्दाचंही त्याने असंच केलंय : ‘कोणत्या तरी तीक्ष्ण द्रवाने चाळवलेल्या फुप्फुसांचा आचका.’ लोक हसले. अजून हसतात.

पण क्रियापदांपाशी हसू थांबतं. ‘टेक’ या एका क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ वेगळे केले. ती नोंद पाच पानं चालते. आपल्या ‘लागणे’चं असं करून बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बस लागते (फलाटाला लागते आणि पोटालाही), दिवा लागतो, वेळ लागतो, शब्द मनाला लागतो, रडायला लागतो, काका नात्याने लागतात. प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा आहे हे कळतं. पण एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगायला गेलं की हात टेकावे लागतात. जॉन्सनने अशा क्रियापदांबद्दल लिहिलंय की ती दर तासाला आपली नाती बदलत असतात. वादळात हलणाऱ्या राईचं चित्र पाण्यातल्या तिच्या प्रतिबिंबावरून जसं नेमकं काढता येत नाही, तशी ती कोशात नेमकी पकडता येत नाहीत. त्याच्या विनोदी व्याख्यांच्या यादीत हे वाक्य कधी दिसत नाही, पण मला त्या सगळ्या एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला वाटतं.

‘हलका शब्द’

आता ‘जॉब’. तो शोधायला गेलात तर आधी सापडणारच नाही, कारण या कोशात ‘आय’ आणि ‘जे’ ही एकच अक्षरं धरून शब्द एकत्र लावलेत; ‘यू’ आणि ‘व्ही’चंही तेच. छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ बऱ्याचदा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला सगळा कोश बोबडा बोलतोय असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत डोळा सरावतो. ‘म्युझिक’, ‘पब्लिक’ या शब्दांच्या शेवटी एक जास्तीचा ‘के’ असतो, त्याचीही सवय होते.

तर जॉब : ‘हलका शब्द, सध्या फार वापरात आहे, याची व्युत्पत्ती मला सांगता येत नाही.’ अर्थ पहिला : हीन, कमाईचं, लुडबुडीचं काम. दुसरा : किरकोळ काम, अचानक मिळालेलं सटरफटर काम. तिसरा : टोकदार हत्याराने एकदम भोसकणं. लग्नाच्या बायोडेटात ‘मुलगा जॉबला आहे’ असं अभिमानाने लिहिणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. त्याच कुळातला ‘स्टॉकजॉबर’ म्हणजे तर ‘शेअर्सची खरेदी-विक्री करून पैसे मिळवणारा नीच इसम’. दलाल स्ट्रीटवर हा कोश खपणं कठीण.

‘हलका’, ‘एखाद्या टोळीच्या बोलीतला’ असे शेरे जॉन्सन सढळ हाताने मारतो. ‘फन’ हा शब्दही त्याच्या लेखी हलका. ‘क्लेव्हर’बद्दल लिहितो : हलका शब्द, थट्टेत किंवा बोलण्यात सोडला तर क्वचितच वापरतात, माणसाला आवडेल त्या कुठल्याही गोष्टीला लावतात, ठरलेला अर्थ काही नाही. आज कुणी मराठीचा कोश करायला बसला आणि ‘भारी’ या शब्दापाशी आला, तर त्याच्या हातून अगदी हेच लिहिलं जाईल.

हे शेरे वाचून सुशिक्षित लोक तेव्हा हे शब्द वापरत नव्हते, असा निष्कर्ष काढाल तर उलटं होईल. वापरात नसलेल्या शब्दावर कुणी चिडत नाही. कोशकाराने नाक मुरडलंय म्हणजे तो शब्द त्याच्या आजूबाजूला रोज कानावर पडत होता, बहुधा चांगल्या घरांतसुद्धा. ‘सध्या फार वापरात आहे’ ही कबुली त्याने स्वतःच दिलीय. म्हणून जुन्या कोशात ‘हलका’ असा शेरा दिसला की शब्दाच्या लायकीपेक्षा त्याच्या चलनाचा पुरावा म्हणून तो वाचावा.

अर्थ उलटलेले शब्द

काही शब्दांचे अर्थ इतके फिरलेत की जुन्या पत्रातली स्तुती आज शिवीसारखी वाचली जाते, आणि शिवी स्तुतीसारखी.

‘एन्थुझियाझम’चा पहिला अर्थ जॉन्सन देतो : देवाने आपल्यालाच खाजगीत दर्शन दिलंय असा पोकळ विश्वास. खाली तत्त्वज्ञ जॉन लॉकचा दाखला, की हा प्रकार बुद्धीवरही आधारलेला नसतो आणि ईश्वरी साक्षात्कारावरही. तो तापलेल्या किंवा घमेंडी डोक्यातून निघतो. त्यामुळे अठराव्या शतकातला एखादा पाद्री दुसऱ्याबद्दल ‘हा एन्थुझियास्ट आहे’ असं लिहितो, तेव्हा ‘किती उत्साही गृहस्थ’ असा अर्थ घेऊ नये. तो त्याला माथेफिरू म्हणतोय. याच्यामागे इंग्लंडमधल्या धार्मिक यादवीचा सगळा सतराव्या शतकाचा अनुभव आहे. अंगात आल्यासारखं बोलणाऱ्या लोकांनी काय उलथापालथ केली, ते त्या समाजाने नुकतंच पाहिलं होतं.

‘कन्डिसेन्शन’ आज म्हणजे समोरच्याला तुच्छ लेखून वरून बोलणं. जॉन्सनकडे तो सद्गुण आहे : आपण होऊन नमतं घेणं, मोठेपणावरून खाली उतरणं, खालच्यांशी बरोबरीने वागायला राजी होणं. समाजात पायऱ्या आहेत आणि त्या तशाच राहणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असेल, तर वरच्याने दोन पायऱ्या उतरणं हे औदार्य ठरतं. पायऱ्याच मान्य नसतील तर तेच वागणं आगाऊपणाचं. शब्द तोच राहिला, त्याच्याभोवतीचा समाज हलला. ‘ऑफिशियस’चं निम्मं तसंच झालंय : जॉन्सनने पहिला अर्थ ‘दयाळू, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा’ असा दिलाय आणि दुसरा ‘नको तिथे पुढे पुढे करणारा’. आज फक्त दुसरा उरलाय.

‘ऑफुल’ म्हणजे आदरयुक्त धाक बसवणारं, म्हणून देवळाला आणि राजालाही लागू. ‘पॉम्पस’ म्हणजे भव्य, वैभवशाली. ‘कॅन्डिड’चा पहिला अर्थ ‘पांढरा’, आणि पुढे प्रामाणिक टीप की हा अर्थ फार दुर्मीळ आहे. ‘युरिनेटर’ म्हणजे पाणबुड्या. लॅटिनमध्ये त्या धातूचा अर्थ बुडी मारणं असा होता. हा शब्द मेला ते बरं झालं.

‘नाइस’वर जरा थांबू. सूक्ष्म नेमकेपणाने पारख करणारा, गरजेपेक्षा जास्त नेमका, नाजूक, चोखंदळ, नाकं मुरडणारा, सहज इजा होईल असा, बारकाईने घडवलेला. इतके अर्थ आहेत, आणि आपण फोटोखाली ‘नाइस’ लिहितो तो ‘छान’ त्यांत नाही. त्या काळच्या लेखकाने एखाद्या मुद्द्याला ‘नाइस’ म्हटलं तर तो मुद्दा बारीक फरकाचा, जपून हाताळायचा आहे. न्यायालयाच्या जुन्या निकालांत हा अर्थ फार भेटतो आणि तिथे ‘छान मुद्दा’ असं भाषांतर केलं की वाक्याचा कणा मोडतो.

माळ्यावरचा कारखाना

हे सगळं जमवलं कसं? लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटाने जून १७४६ मध्ये जॉन्सनशी करार केला : दीड हजार गिनी, आणि मदतनिसांचा पगार त्यातूनच. गफ स्क्वेअरमधलं एक घर भाड्याने घेऊन त्याच्या माळ्यावर त्याने काम मांडलं. ते घर आजही उभं आहे, तिथे संग्रहालय आहे. लेखनिक सहा, त्यांतले पाच स्कॉटिश. ओट्सच्या व्याख्येवर त्यांनी काय तोंड केलं असेल कोण जाणे.

जॉन्सन पुस्तकं वाचत जायचा. उपयोगी वाक्य दिसलं की शिसपेन्सिलने शब्दाखाली रेघ मारायची, उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तिथे उभ्या खुणा करायच्या, समासात शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचं. लेखनिक तो उतारा चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. मित्रांकडून आणलेली पुस्तकंही या खुणांसकट परत जात. त्याने तीन वर्षांत काम संपवतो म्हटलं होतं. फ्रेंच अकादमीच्या ४० जणांना फ्रेंच कोश करायला ४० वर्षं लागली, असं कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर त्याने हिशेब केला : ४० गुणिले ४० म्हणजे १,६००, तेव्हा एका इंग्रजाचं फ्रेंच माणसाशी प्रमाण ३ ला १,६०० असं. प्रत्यक्षात नऊ वर्षं लागली.

त्या नऊ वर्षांत पैसे संपले आणि १७५२ मध्ये बायको गेली. लॉर्ड चेस्टरफिल्ड या बड्या सरदाराच्या नावे त्याने १७४७ मध्ये कोशाचा आराखडा छापला होता. सरदारसाहेबांनी पुढे ढुंकून पाहिलं नाही, आणि कोश छापून होत आला तेव्हा मात्र कौतुकाचे लेख लिहिले. फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सनने त्यांना पत्र लिहून विचारलं : महाराज, माणूस पाण्यात जिवाच्या आकांताने हातपाय मारत असताना जो स्वस्थ बघत राहतो, आणि तो काठाला लागल्यावर मदतीचं ओझं त्याच्या गळ्यात घालतो, त्यालाच आश्रयदाता म्हणायचं ना? कोशात ‘पेट्रन’ची व्याख्या आहेच : पाठीशी उभा राहणारा, आधार देणारा, बहुधा उर्मटपणे पोसणारा आणि खुशामतीने मोबदला घेणारा एक नीच. ‘एक्साइज’ या कराला त्याने ‘तिरस्करणीय कर’ म्हटलं आणि तो ठरवणाऱ्यांना भाडोत्री नीच. त्यावर अबकारी खात्याने बदनामीचा खटला भरता येईल का म्हणून सरकारी वकिलाचा सल्लाही घेतला होता. ‘पेन्शन’ म्हणजे इंग्लंडमध्ये सहसा सरकारी भाडोत्र्याला देशद्रोहाबद्दल मिळणारी रक्कम, असंही तो लिहून बसला. १७६२ मध्ये राजाने त्याला वर्षाला ३०० पाउंड पेन्शन दिली. घेतली त्याने.

उतारे हा या कोशाचा आत्मा. व्याख्या हे कोशकाराचं मत. उतारा हा पुरावा, वाचणाऱ्याला स्वतः तपासता येणारा. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, पोप, बायबल यांतून ते घेतलेत. पण १७५६ मध्ये दहा शिलिंगांची छोटी आवृत्ती निघाली, तिच्यातून उतारे गाळले आणि फक्त लेखकांची नावं ठेवली. बहुतेक घरांत पोचली ती हीच. लोकांनी जॉन्सनला निकाल देणारा न्यायाधीश मानलं याचं एक कारण मला हे वाटतं : त्यांच्या हातातल्या प्रतीत निकालच होते, साक्षीपुरावे नव्हते.

कोश गप्प बसतो तेव्हा

जॉन्सनच्या चुकाही प्रसिद्ध आहेत. ‘पास्टर्न’ म्हणजे घोड्याचा गुडघा, असं त्याने लिहिलं. तो भाग असतो खुराच्या जरा वर. असं का लिहिलंत म्हणून एका बाईने विचारल्यावर तो म्हणाला, ‘अज्ञान, बाईसाहेब, शुद्ध अज्ञान.’ जहाजांच्या बोलीतले ‘विंडवर्ड’ आणि ‘लीवर्ड’ हे एकमेकांच्या विरुद्ध दिशांचे शब्द. त्याने दोन्हींचा अर्थ एकच दिला : वाऱ्याच्या दिशेकडे. त्या कोशावर विसंबून गलबत हाकारणाऱ्याचं कठीण होतं.

कारण त्याने प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय. खाणकामगारांची बोली शिकायला मला खाणींत उतरता आलं नाही, दर्यावर्दींची भाषा पक्की करायला सफर करता आली नाही, व्यापाऱ्यांच्या वखारींत आणि कारागिरांच्या दुकानांत जाता आलं नाही. कोश झाला तो छापील पुस्तकांवरून. त्यामुळे त्यात पुस्तकी इंग्रजी भरघोस आहे, आणि सुतार, कोळी, स्वयंपाकघरातल्या बायका, रस्त्यावरचे विक्रेते काय बोलत होते ते फार थोडं. एखादा शब्द किंवा अर्थ जॉन्सनकडे नाही म्हणून तो तेव्हा नव्हताच, असं म्हणता येत नाही. ‘एक्स’ या अक्षराखाली तर तो एकच वाक्य लिहून मोकळा झालाय : या अक्षराने इंग्रजीतला एकही शब्द सुरू होत नाही.

पुस्तकांतूनच का होईना, आपल्या किनाऱ्यावरची एक गोष्ट मात्र त्या माळ्यावर पोचली होती. ‘पंच’ : मद्य, पाणी, साखर आणि लिंबाचा रस एकत्र करून केलेलं पेय, पूर्वी यात मसालाही घालत. दाखला दिलाय फ्रायरच्या प्रवासवर्णनाचा, की पंच हा हिंदुस्थानी शब्द असून त्यात किती जिन्नस पडतात ते तो सांगतो. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, १६७३ मध्ये मुंबईला आलेला, सुरतेत राहिलेला, जुन्नरलाही जाऊन आलेला. त्याने लिहिलंय की नेरूळला गोव्याची उत्तम दारू होते (नवी मुंबईतलं नेरूळ नव्हे, बार्देशातलं) आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज पाच जिनसांचं ‘पॉन्च’ करतात. काही अभ्यासक या व्युत्पत्तीवर शंका घेतात. मद्याच्या पिंपाच्या ‘पंचन’ या नावावरून शब्द आला असेल, असंही एक मत आहे. जॉन्सनने फ्रायरवर विश्वास ठेवला.

भाषा एका जागी बांधून ठेवता येईल, अशी आशा १७४७ च्या आराखड्यात होती. पुढे प्रस्तावना लिहिताना ती उरली नव्हती. शब्दांना मसाला भरून ममीसारखं टिकवता येईल असं समजणाऱ्या कोशकाराला लोकांनी हसावं, असं तो लिहितो. अक्षरांना साखळदंड घालणं आणि वाऱ्याला फटके मारणं ही दोन्ही गर्वाची कामं. हे काम आपण गैरसोयीत, आजारपणात आणि दुःखात केलं, आणि ज्यांनी शाबासकी द्यावी अशी इच्छा होती त्यांतले बहुतेक आता मातीआड गेले, असंही त्याने लिहून ठेवलंय.

तरी हा कोश अजून कामावर आहे, आणि तोही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. तिथल्या राज्यघटनेतली शस्त्रांबाबतची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यातल्या शब्दांचा तेव्हाचा अर्थ काय, हा प्रश्न २००८ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात आला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी जॉन्सनची १७७३ ची चौथी आवृत्ती काढली. ‘आर्म्स’ : हल्ल्याची हत्यारं किंवा बचावाचं चिलखत. ‘कीप’ : जवळ ठेवणं, न गमावणं. ‘बेअर’ : वाहून नेणं. हे अर्थ जोडून त्यांनी म्हटलं की सामान्य नागरिकाला स्वतःच्या बचावासाठी शस्त्र बाळगायचा हक्क आहे.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी निकालपत्रात आक्षेप घेतला तो कोश वापरण्याच्या या रीतीलाच लागतो. ‘बेअर आर्म्स’ हा जोडीने येणारा वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ सैनिक म्हणून लढणं, लष्करात चाकरी करणं असा, असं त्यांचं म्हणणं. सुटे शब्द कोशात बघून तो हाती लागत नाही. ‘हात धुवून मागे लागला’ या वाक्यातले हात, धुणे, मागे आणि लागणे हे चारही शब्द कोशात नीट शोधले तरी हात स्वच्छ असलेला एक माणूस मागून चालत येतोय, एवढंच कळेल. जॉन्सनने क्रियापदांच्या नोंदींत असे वाक्प्रचार पुष्कळ टिपलेत, पण वाचणाऱ्याला ते हवे असतील तर १३४ अर्थांची पाचही पानं वाचावी लागतात. न्यायालयात स्कॅलियांची बाजू ५ विरुद्ध ४ अशी जिंकली.